रोज टेबल सरकवतात, म्हणजे रोज चूक होते का?

निफाड तालुक्यातील एका मुलाने वडिलांच्या उपचाराबद्दल विचारले आहे. वडिलांच्या गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नाशिकला ३० सिटिंगचे, म्हणजे एकूण ६० ग्रे (ग्रे हे मात्रेचे एकक) मात्रेचे रेडिएशन सुरू झाले. रोज मास्क लावून झोपवतात, आधी स्कॅन घेतात, मग टेबल दोन-तीन मिलिमीटर सरकवतात आणि त्यानंतरच शेक सुरू होतो. सोळा सिटिंग झाल्यावर मास्क सैल झाला म्हणून पुन्हा सीटी करून नवा मास्क बनवला आणि त्यात दोन दिवस उपचार थांबला. रोज टेबल सरकवावे लागते याचा अर्थ रोज चुकीच्या जागी झोपवतात का, आणि मास्क सैल असताना दिलेले शेक वाया गेले का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. घरच्यांच्या हातात काय आहे, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

मी नाशिकमध्ये रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते. सुरुवातीची वर्षे कोबाल्ट मशीनवर, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्टवर चालणाऱ्या यंत्रावर गेली, आता लिनॅकवर, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या यंत्रावर आहे. आपल्या वडिलांचा प्लॅन, म्हणजे किरण कोठे आणि किती द्यायचे याचा आराखडा, मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत नेमका आकडा त्यांचे डॉक्टर आणि मात्रेचा हिशेब करणारे फिजिसिस्टच सांगू शकतील. परंतु आपण जे वर्णन केले आहे, त्यात मला काळजीचे काही दिसत नाही. उलट तेथील मंडळी लक्ष देऊन काम करीत आहेत असेच दिसते. असे मी का म्हणते, ते सविस्तर सांगते.

मूळ अडचण मशीनची नाही. लिनॅकचा किरण एका ठरावीक बिंदूभोवती फिरतो आणि त्या बिंदूची अचूकता साधारण एक मिलिमीटरच्या आत असते. ती रोज सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी तपासली जाते. अडचण आहे ती माणसाच्या शरीराची. प्लॅनिंगच्या सीटीच्या दिवशी ज्या अवस्थेत शरीर होते, त्याच अवस्थेत ते पुढचे सहा आठवडे रोज आणावे लागते, आणि शरीर तर रोज बदलत असते. कोणी रात्रभर खोकलेला असतो, कोणाचा खांदा आखडलेला असतो, कोणी भीतीने मान ताठ धरतो. म्हणून आमच्या कामाचा मोठा भाग किरण सोडण्याआधीच होतो. दहा-पंधरा मिनिटांच्या वेळेत प्रत्यक्ष किरण दोन-चार मिनिटेच असतात, आणि नातेवाइकांना ही बाकीची वेळ फुकट गेल्यासारखी वाटते. माझ्या मते उपचाराचे यश त्या वेळेवरच बरेचसे अवलंबून असते.

मास्क कसा बनतो हे आपण बाहेर बसल्याने पाहिले नसेल. जाळीदार प्लास्टिकची ती पांढरी शीट साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवली की मऊ पडते आणि जवळजवळ पारदर्शक होते. ती बाहेर काढून, टॉवेलने पाणी टिपून, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून एका दमात चेहऱ्यावर ओढायची असते. मग नाकाच्या हाडावर, कपाळावर आणि हनुवटीखाली बोटांनी हलकेच दाबून आकार पक्का करायचा. मास्कची पकड या तीन जागांवरच असते. हनुवटीखाली शीट नीट बसली नाही तर पुढे सहा आठवडे रुग्ण रोज हनुवटी थोडी वेगळी धरणार, हे ठरलेले. शीट पुन्हा पांढरी आणि कडक होईपर्यंत पाच-दहा मिनिटे ती चेहऱ्यावरच ठेवावी लागते, कारण थंड होताना ती किंचित आकसते आणि लवकर काढली तर दुसऱ्या दिवशी घट्ट बसते. मानेखाली कोणत्या उंचीची उशी दिली, खांदे किती खाली ओढले, कवळी तोंडात होती की काढलेली, नाकात राइल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न पोहोचवणारी नळी, होती का, हे सगळे त्याच दिवशी लिहून ठेवतात. कवळी आज घालून आणि उद्या काढून झोपवले तर जबडा वेगळ्या जागी येतो, आणि तो फरक मास्कवरून दिसत नाही.

आता टेबल सरकवण्याविषयी. खोलीच्या भिंतींवर आणि छतावर बसवलेल्या लेझरच्या रेषा मास्कवरील खुणांशी जुळवून आम्ही रुग्णाला प्रथम जागेवर आणतो. परंतु लेझरला फक्त मास्क दिसतो, त्याच्या आतील हाडे दिसत नाहीत. म्हणून मशीनला जोडलेल्या एक्स-रे यंत्रणेने सुमारे मिनिटभरात एक छोटा सीटी घेतात आणि तो प्लॅनिंगच्या सीटीवर ठेवून मानेचे मणके, जबडा आणि कवटीचा तळ जुळतात का ते पाहतात. वर-खाली, डोक्याकडे-पायाकडे आणि डावीकडे-उजवीकडे अशा तीन दिशांचा फरक मिलिमीटरमध्ये येतो. तो दोन-तीन मिलिमीटर असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. टेबल सरकवून तो फरक काढूनच किरण सुरू होतो, म्हणजे आपण ज्याला चूक समजता ती किरण पडण्यापूर्वीच दुरुस्त झालेली असते. या स्कॅनचेही रेडिएशन लागते हे खरे, पण ते त्या दिवशीच्या दोन ग्रे मात्रेच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, आणि त्याच्या बदल्यात मिळणारी खात्री फार मोठी आहे.

येथे एक भेद समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण आमचा बहुतेक निर्णय त्यावरच होतो. काही फरक रोज वेगवेगळ्या दिशेला पडतात. आज दोन मिलिमीटर डावीकडे, उद्या एक मिलिमीटर उजवीकडे. अशाने मात्रेची कड थोडी पुसट होते, पण मधला भाग भरून निघतो. दुसऱ्या प्रकारचा फरक रोज त्याच दिशेला आणि तेवढाच पडतो. समजा प्लॅनिंगच्या दिवशी रुग्ण घाबरून खांदे वर ओढून झोपला होता आणि नंतर सरावाने तो सैल झोपू लागला. मग तीसही दिवस मान त्याच बाजूला सरकलेली राहील आणि लक्ष्याची, म्हणजे ज्या भागाला मात्रा द्यायची त्याची, एक कड प्रत्येक वेळी कमी मात्रेत राहील. हा दुसरा प्रकार कितीतरी अधिक घातक असतो. मार्सेल व्हान हेर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या सूत्रात कायमच्या चुकीच्या पसाऱ्याला २.५ ने गुणतात आणि रोज बदलणाऱ्या चुकीच्या पसाऱ्याला ०.७ ने, आणि दोन्हींची बेरीज करून लक्ष्याभोवती किती जागा सोडायची ते ठरवतात. गुणकातला हा फरकच सांगतो की पहिल्या आठवड्यात आम्ही आकडे इतके बारकाईने का पाहतो. पहिल्या तीन-चार दिवसांत फरक सतत एकाच दिशेने येत असेल, तर नुसते टेबल सरकवत राहण्यात अर्थ नसतो. खांदे, उशी, मास्क यांतले नेमके काय बदलले ते शोधावे लागते.

लक्ष्याभोवती सोडलेल्या या जागेची सोय प्लॅनमध्येच असते. डॉक्टर आधी ज्या भागात रोगाचे बारीक अंश असू शकतात तो आखतात आणि त्याभोवती एक कड ठेवतात; कडेसकट त्या सगळ्या भागाला आम्ही पीटीव्ही म्हणतो. डोके आणि मानेच्या उपचारात, रोज स्कॅन होत असेल, तर ही कड साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते. ती आणखी रुंद केली तर चुकण्याची भीती कमी होईल, पण मग लाळग्रंथी, जबड्याचे हाड आणि मज्जारज्जू यांच्यावर अधिक मात्रा जाईल. मज्जारज्जूला सामान्यतः ४५ ते ५० ग्रेच्या आत ठेवावे लागते. म्हणजे कड लहान ठेवायची आणि त्याची किंमत रोजच्या मोजमापाने चुकवायची, असा हा व्यवहार आहे. जेथे रोज स्कॅनची सोय नाही, तेथे आठवड्यातून एकदा प्रतिमा घेऊन आणि कड थोडी मोठी ठेवून उपचार करतात. त्यालाही शिस्त आहे. तो उपचार निकृष्ट असे कोणी समजू नये.

टेबल सरकवून सगळेच दुरुस्त होत नाही, हेही सांगायला हवे. मान हा एकसंध ठोकळा नाही. हनुवटी अर्धा सेंटिमीटर वर गेली तर खालचे मणके जुळतात आणि जबडा जुळत नाही; जबडा जुळवला तर मणके हुकतात. अशा वेळी पडद्यावर सरासरी आकडा चांगला दिसतो आणि नेमके तेथेच घाई करणारा फसतो. मी आधी रोगाची जागा कोठे आहे ते पाहते, मग मज्जारज्जूची बाजू पाहते, आणि दोन्ही एकाच वेळी बसत नसतील तर टेबल सरकवण्याऐवजी आत जाऊन मास्क काढते, रुग्णाला उठवून पुन्हा झोपवते आणि नव्याने स्कॅन घेते. डोके कललेले किंवा फिरलेले असेल तरीही हेच करावे लागते. काही मशीनची टेबले तीन अंशांपर्यंत कलतात, साधी टेबले कलत नाहीत. बाहेर पंचवीस माणसे ताटकळत बसलेली असताना पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे जिवावर येते. तरीही ते करणारी टीम चांगली, असे मी ठामपणे म्हणेन. आपल्या वडिलांना एखाद्या दिवशी दोनदा झोपवले तर मनात किंतु आणू नका.

आता मास्क सैल होण्याकडे येते. तोंडाच्या कर्करोगात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तोंड येते, गिळताना दुखते, जेवण कमी होते आणि वजन उतरते. शस्त्रक्रियेनंतर जोडलेल्या भागाची सूजही याच काळात ओसरते, त्यामुळे वजन फारसे कमी झालेले नसतानाही गालाच्या बाजूला पोकळी दिसू शकते. मास्क लावल्यावर गालाजवळ सहज बोट आत जाऊ लागले की आम्ही सावध होतो. पण बोट जाते एवढ्यावर निर्णय होत नाही. स्कॅनमध्ये हाडे जुळतात का, त्वचेची रेषा प्लॅनपेक्षा किती आत गेली आणि मास्कच्या आत रुग्ण डोके हलवू शकतो का, हे तीन प्रश्न असतात. हाडे जुळत असतील आणि डोके हलत नसेल तर थोडा सैलपणा चालतो. त्वचा बऱ्यापैकी आत गेली असेल तर किरणाच्या वाटेत आता कमी मांस आहे, म्हणून आतील मात्रा प्लॅनपेक्षा वाढते. शिवाय कानाखालच्या लाळग्रंथी आकसून मध्याकडे, म्हणजे जास्त मात्रेच्या भागाकडे, सरकतात. अशा वेळी नवा सीटी, नवा मास्क आणि नवा प्लॅन हाच योग्य मार्ग आहे.

यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आधीचे सोळा शेक वाया गेलेले नाहीत. त्या प्रत्येक दिवशी स्कॅन घेऊन जागा जुळवलेली होती, आणि ती जुळली नसती तर किरण सुरूच केला नसता. त्या सोळा दिवसांची ३२ ग्रे मात्रा हिशेबात धरूनच उरलेल्या चौदा दिवसांचा नवा प्लॅन होतो. शंका असेल तर फिजिसिस्टना इतकेच विचारा, की जुन्या प्लॅनची मात्रा नव्या सीटीवर मोजल्यावर मज्जारज्जूला आणि लक्ष्याला एकूण किती बसते. हा प्रश्न विचारल्याचा कोणाला राग येण्याचे कारण नाही.

थांबलेल्या दोन दिवसांची गोष्ट मात्र हलकी घेऊ नका. डोके आणि मानेच्या कर्करोगात उपचाराचा एकूण कालावधी लांबला की रोगावरील नियंत्रण दिवसामागे साधारण एक ते दीड टक्क्याने कमी होते, असे अनुभवसिद्ध आकडे आहेत, कारण उपचाराच्या मधल्या काळात उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात. म्हणून अनेक ठिकाणी नवा प्लॅन तयार होईपर्यंत, सुरक्षित असेल तर, जुन्यावरच उपचार चालू ठेवतात. आणि थांबावेच लागले तर शनिवारी सिटिंग देऊन किंवा एखाद्या दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन सिटिंग देऊन दिवस भरून काढतात. आपल्या वडिलांच्या बाबतीत यातले काय शक्य आहे ते डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागात द्राक्षतोडणीच्या हंगामात दोन-चार दिवस दांडी मारणारे रुग्ण दरवर्षी असतात. बागेचे नुकसान डोळ्यांना दिसते, चुकलेल्या सिटिंगचे दिसत नाही.

किरण चालू असताना आत कोणी नसते याचीही अनेकांना भीती वाटते. रुग्ण एकटा असला तरी दोन कॅमेऱ्यांतून आम्ही त्याला सतत पाहत असतो आणि बोललेले ऐकूही येते. तोंडाच्या रुग्णांना मास्कमध्ये बोलता येत नाही, काहींच्या गळ्यात श्वासाची नळी असते. म्हणून खोकला आला, उलटीसारखे वाटले किंवा गुदमरले तर हात वर करायचा, हे आम्ही पहिल्याच दिवशी करून दाखवतो. हात वर दिसला की किरण लगेच थांबतो, राहिलेली मात्रा मशीनमध्ये नोंदलेली असते, आणि रुग्ण हलला असेल तर नवा स्कॅन घेऊन तेथूनच पुढे सुरू करतो. मी प्रत्येकाला सांगते की श्वास रोखून धरू नका, थुंकी गिळावीशी वाटली तर सावकाश गिळा, आणि जोर लावून स्थिर राहण्याचा प्रयत्न करू नका. ताठ धरलेली मान मिनिटाभरात थकते आणि मग हलते.

शरीराच्या इतर भागांत हेच तत्त्व वेगळ्या रूपाने येते. डाव्या स्तनाच्या उपचारात खोल श्वास घेऊन तो रोखायला शिकवतात, कारण त्यामुळे फुप्फुस फुगून हृदय किरणाच्या वाटेपासून दूर जाते. मात्र तेवढा वेळ श्वास धरता येणे रुग्णाच्या क्षमतेवर अवलंबून असते. ओटीपोटाच्या उपचारात तर हाडे तंतोतंत जुळूनही आतले अवयव भलतीकडे असू शकतात. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात मूत्राशय भरलेले आहे की रिकामे, यावर गर्भाशयाची जागा एखादा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक बदलते. म्हणून आधी लघवी करून, ठरलेले पाणी पिऊन, ठरलेला वेळ थांबून मगच आत घेतात. पेठ आणि सुरगाण्याकडून एसटीने येणाऱ्या बायका मात्र वाटेत सोय नसते म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांचे शरीर इतके कोरडे असते की येथे आल्यावर अर्धा लिटर पाणी पिऊनही तासाभरात मूत्राशय भरत नाही. त्यांना दटावण्यात काहीच अर्थ नाही. मी त्यांना शक्यतो उशिराची वेळ देते, आल्याबरोबर स्वच्छतागृह दाखवते आणि मग सावकाश पाणी द्यायला सुरुवात करते. एवढ्याने स्कॅनमधला फरक दिसून येतो. याच रुग्णांच्या त्वचेवरील खुणा गोदावरीत स्नान केल्याने किंवा उन्हाळ्यातील घामाने पुसल्या जातात. तेव्हा घरी स्वतः पेनाने त्या गडद करू नयेत, पुसट झाल्या एवढेच येऊन सांगावे. नव्याने काढलेली रेष दोन मिलिमीटर सरकली तरी आमची सुरुवातच चुकते.

आपल्या हातात काय आहे, असे आपण शेवटी विचारले आहे. वडिलांचे वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून लिहून ठेवा आणि दोन किलोहून अधिक उतरले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता सांगा. गिळता येत नसेल तर नळीने अन्न देण्याचा सल्ला टाळू नका. पोटात अन्न गेले तर मास्कही टिकतो. नळी घालायची वेळ आली तर ती घातल्याच्या दिवशी आम्हाला आधी कळू द्या, कारण मास्क नळीवर दाबत असेल तर त्या जागी जाळी कापावी लागते. मधेच दाढी वाढवणे किंवा डोक्याचे केस अगदी बारीक करणे टाळा. केसांची जाडी बदलली की डोके मास्कमध्ये वेगळे बसते. गळ्यातील माळ रोज काढावी लागेल, तेव्हा ती काढण्याविषयी वडिलांशी घरीच बोलून ठेवा, टेबलावर तो विषय निघाला की म्हातारी माणसे अस्वस्थ होतात आणि मान सैल सोडत नाहीत.

नव्या मास्कचा पहिला दिवस लांबतो. नवा प्लॅन, नव्या खुणा, नवा स्कॅन आणि डॉक्टरांनी स्वतः पाहून दिलेली संमती, हे सगळे त्याच दिवशी होते. मास्क घट्ट वाटेल आणि कपाळावर जाळीचे वळ उठतील. ते तासाभरात जातात. पण नाकाच्या हाडावर टोचत असेल किंवा श्वासाला अडत असेल तर ते सहन करण्यास त्यांना सांगू नका, त्याच वेळी आम्हाला सांगा. आणि त्या दिवशी परतीच्या गाडीची वेळ थोडी उशिराची धरा.